पांढऱ्याचे वजन

दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत असावे आणि ते इतर कोणत्याही लिपीतल्या नावापेक्षा लहान नसावे, हे महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने पक्के झाले. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्या कक्षेत आली. मुंबईतल्या व्यापाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि राज्यभर पाट्या बदलण्याची लगबग वाढली. नाशिकच्या मेन रोडवर किंवा कॉलेज रोडवर आज उभे राहिले तर मराठी अक्षरे उंचीने बहुधा कमी पडत नाहीत. तरीही रस्त्याच्या पलीकडून अनेक पाट्यांवर आधी रोमन नाव वाचले जाते आणि मराठी नाव नुसते ‘दिसते’. एक काळपट पट्टा, वर काही मात्रा, खाली काही उकार. कायद्याने अक्षराची उंची मोजली, आणि कायद्याला तेवढेच मोजता येते. पण ठळक अक्षर वाचले जाते ते त्याच्या आतल्या आणि भोवतालच्या पांढऱ्या जागेमुळे, आणि ती जागा कोणी मोजत नाही. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे: ठळक, भौमितिक वळणाचे मराठी शब्दचिन्ह करायचे असेल तर आधी पांढरे आखावे लागते, काळे नंतर. आणि देवनागरीतले पांढरे रोमनमधल्या पांढऱ्यासारखे वागत नसल्यामुळे तिकडच्या युक्त्या इकडे चालत नाहीत.

पाट्या काळवंडतात कशा, ते आधी पाहू. फ्लेक्सवाला असो की अॅक्रिलिकची अक्षरे कापून देणारा, नेहमीची पद्धत एकच: संगणकावर हाताशी असलेला साधा फाँट घ्यायचा, नाव टाइप करायचे, आणि ‘बोल्ड पाहिजे’ म्हटले की अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन द्यायची. गणित करून बघा. शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराची उंची १०० धरली, उभ्या दंडाची जाडी १२, शेजारशेजारच्या दोन दंडांमधली मोकळी जागा २० आणि ‘न’च्या गाठीतले भोक १०. आता सगळीकडून ६ ची आउटलाइन चढवली. दंड १२ चा २४ झाला, म्हणजे बरोबर दुप्पट. मोकळी जागा मात्र दोन्ही बाजूंनी कुरतडली गेली, २० ची ८ वर आली. गाठीतल्या १० मधून १२ जायला हवेत. ते भोक नाहीसेच झाले. काळे सगळीकडे सारखे वाढते, पांढरे मात्र सारखे घटत नाही: मोठी पोकळी जखमी होते, लहान पोकळी मरते. म्हणून आउटलाइनने ठळक केलेले अक्षर हे मूळ अक्षराचे ठळक रूप नसते, ते वेगळ्या प्रमाणाचे, बिघडलेले अक्षर असते. रोमन मोठ्या अक्षरांना हा मार कमी बसतो, कारण त्यांतली बरीचशी पोकळी मोठी आणि एकसारखी आहे. देवनागरीत एकाच शब्दात ‘ग’चे विस्तीर्ण अंगण असते आणि ‘ज्ञ’चे खोपटेही असते.

यावर एक सरळ आक्षेप असा की गिऱ्हाईक पाटी वाचते, अक्षरांची पोटे तपासत बसत नाही; थोडे भरले म्हणून काय बिघडले? बिघडते ते वाचनच. आपल्या लिपीत कितीतरी अक्षरांची ओळख काळ्या रेषेवर नसून पांढऱ्या फटीवर अवलंबून आहे. ‘म’ आणि ‘भ’ यांत, ‘घ’ आणि ‘ध’ यांत दुरून दिसणारा फरक म्हणजे शिरोरेषेतला खंड. ती फट बुजली की ‘भाऊ’ हा ‘माऊ’ होतो आणि ‘धन’ हे ‘घन’. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक आहे तो वाटीच्या पोकळीचे दोन तुकडे करणाऱ्या एका तिरप्या रेषेचा. ‘प’ आणि ‘ष’ यांतही तसेच. वाटी भरली की दोन्ही अक्षरे एकच. ‘ख’ची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या दोन भागांमधली जागा जरा सैल झाली की ‘खाना’ला ‘रवाना’ वाचले जाते. ही अडचण एवढी खरी होती की १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपीसुधार परिषदेत ‘ख’चे पाय एकमेकांना जोडण्याचे ठरले. एका अक्षरातली पांढरी फट बंद करायची की नाही, यासाठी मंत्री आणि विद्वान बसले होते. पाटीवाल्याने त्याचा विचार आउटलाइन चढवण्यापूर्वी निदान एक मिनिट करायला हरकत नाही.

छापखान्याच्या काळात हा विचार आपोआप होत असे, कारण तेव्हा पांढऱ्याला खरोखर वजन होते. खिळे जुळवणारा माणूस दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली कोरी जागाही शिशाच्या तुकड्यांनीच भरत असे. हे तुकडे खिळ्यापेक्षा उंचीने कमी, म्हणून शाई न लागणारे. मोकळी जागा सोडायची म्हणजे हातात एक जड वस्तू घेऊन ती बसवायची. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर नावाजले गेले. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराला पोलादी ठसे कोरताना अक्षराच्या पोटातली जागा आधी कोरून काढावी लागे, तिच्याभोवती जे उरेल ते अक्षर. ठसा कोरणाऱ्याला आधी पांढरे आणि नंतर काळे हा क्रम कोणी शिकवावा लागत नव्हता, तो हत्याराचाच क्रम होता. पुढे लिपीसुधारणेची चर्चा पेटली ती मात्र काळ्याच्या हिशेबावर. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीला स्थानबद्ध असताना लिपीशुद्धीवर लिहू लागले आणि ‘अ’ची बाराखडी त्यांनी हिरिरीने मांडली: अि, अी, अु, अू. किर्लोस्करांच्या मासिकांनी ती काही काळ चालवली. खिळ्यांची संख्या कमी करणे, छपाई आणि टंकलेखन सोपे करणे हा त्यामागचा हिशेब होता आणि त्या काळच्या यंत्रांकडे पाहता तो चुकीचा नव्हता. पण त्यात मोजले गेले ते खिळे, म्हणजे काळे तुकडे. खिळ्यांचा प्रश्न संगणकाने मिटवला, ‘अि’ मागे पडली, आणि पांढऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. उलट बिघडला, कारण संगणकात कोऱ्या जागेला हात लावावाच लागत नाही.

देवनागरी भूमितीला मुळातच परकी आहे असे मानणाऱ्यांनी नाशिकच्या दक्षिणेला पांडवलेण्यांचा डोंगर चढावा. त्रिरश्मी डोंगरावरच्या या चोवीस लेण्यांत सातवाहन आणि क्षहरात क्षत्रपांच्या काळचे, देवनागरीची पूर्वज असलेल्या ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख, दहाव्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख. मला इथे महत्त्वाचा वाटतो तो अठराव्या लेण्यावरचा, म्हणजे चैत्यगृहावरचा, छोटासा लेख. नासिकच्या लोकांच्या धंभिक नावाच्या गावाने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. म्हणजे या शहराचे नाव, याच शहराच्या डोंगरावर, दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेले आहे. शब्दचिन्ह म्हणायचे तर याहून जुने नाशिकला सापडणे कठीण. त्यातला ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह. ‘न’ म्हणजे आडव्या रेषेवर उभी केलेली एक रेषा. ब्राह्मीतला ‘ठ’ पूर्ण वर्तुळ, ‘थ’ वर्तुळात एक ठिपका, ‘ग’ टोकदार कोन. पट्टी आणि कंपास घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला याहून स्वच्छ भूमिती कोण देणार? शिवाय ते अक्षर काळे नाहीच. तो काढून टाकलेला दगड आहे; आपण वाचतो ती खाचेतली सावली. शिरोरेषा तेव्हा नव्हती. क्षत्रपांच्या लेखांत दंडांचे माथे जाड व्हायला लागले, वाकाटकांच्या ताम्रपटांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी आली, आणि पुढच्या काही शतकांत हे माथे रुंद होत एकमेकांना भिडले. वाकाटकांची ती पेटी बऱ्याचदा आतून पोकळ आहे. विदर्भातल्या लेखनिकांनी अक्षराच्या माथ्यावर पांढरा चौकोन मिरवला त्याला पंधराशेहून अधिक वर्षे झाली.

अक्षरावर अक्षर चढवून जागा न सोडल्यास काय होते, त्याचाही पुरावा नाशिक जिल्ह्यानेच दिला आहे. १९०६ साली जोगळटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांवर नाणी. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाचा चेहरा, त्याच्या कडेची अक्षरे आणि वरून सातकर्णीचा चैत्य: सगळे एकमेकांत घुसले आहे. तिथे हेतू राजकीय होता, पराभूत राजाच्या नाण्यावर आपला पाय दिसावा हा. तो साधलाही. मराठी नावावर सावली, सावलीवर सोनेरी कड आणि कडेवर एलईडीची माळ चढवणाऱ्या दुकानदाराचा हेतू मात्र तसा नसतो.

शिरोरेषेने एक मूलभूत गोष्ट केली. रोमन शब्दात दोन अक्षरांमधले पांढरे वरून आणि खालून मोकळे असते. ते शब्दाच्या आरपार वाहते. फेडेक्सच्या शब्दचिन्हातला बाण जगप्रसिद्ध आहे. १९९४ साली लिंडन लीडर यांनी केलेल्या त्या अक्षरांत शेवटच्या दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पांढरा बाण उमटतो, आणि तो उमटतो कारण त्या दोन अक्षरांच्या डोक्यावर काही नाही. आमच्याकडे प्रत्येक फटीवर छप्पर आहे. देवनागरीतले पांढरे वरून बंद, खालून उघडे. लेण्याच्या ओसरीसारखे, खांबांच्या मधून आत जाणारे. म्हणून इकडे बाण, पक्षी, मासा शोधत बसणारा कलाकार बहुतेक वेळा शिरोरेषाच काढून टाकतो. अलीकडे तशी शब्दचिन्हे बरीच दिसतात आणि त्यामागचे कारण ‘आधुनिक दिसते’ असे सांगितले जाते. गुजरातीने शिरोरेषा सोडली, तिचे काही बिघडले नाही, हे खरे. पण गुजरातीची अक्षरे त्या सोडण्याबरोबर बदलत गेली आणि वाचणाऱ्यांचे डोळेही. मराठी शब्दाची शिरोरेषा एका रात्रीत उडवली तर दंडांच्या टोकांना आधार उरत नाही, ‘र’ आणि काना सुटे पडतात, आणि अक्षरे एका शब्दाची आहेत हे डोळ्याला मुद्दाम जुळवावे लागते. छप्पर हा दोष मानून पाडण्यापेक्षा त्याच्या खालच्या ओसऱ्या मोजून बांधणे अधिक फायद्याचे, असे माझे मत आहे. शिरोरेषेची जाडी दंडापेक्षा थोडी कमी ठेवली की ती हलकी होते. डोळ्याला आडवी रेषा तशीही उभीपेक्षा जाड भासते.

हे सगळे ‘नाशिक’ या शब्दावर करून पाहू. शब्द तीन अक्षरांचा, पण डोळ्याला दिसणारा क्रम वेगळा आहे: न, काना, वेलांटीचा दंड, श, क. मोजले तर एका शिरोरेषेखाली पाच उभे दंड आहेत आणि त्यांतले पहिले तीन, म्हणजे ‘न’चा, कान्याचा आणि वेलांटीचा, यांच्यामध्ये काहीच नाही. तिथे शब्दाचे कुंपण होते. साध्या वजनात ते खपून जाते. ठळक केले की शब्दाच्या मधोमध काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक ठोकळा उभा राहतो. दंड २४ चा, मधली जागा १६ ची धरली तर तीन दंड आणि दोन फटी मिळून १०४ रुंदी होते, म्हणजे उंचीइतकाच रुंद चौकोन. सामान्य कलाकार इथे घाबरून फटी आवळतो, कारण त्याला शब्द लांब वाटतो. करायला हवे ते नेमके उलटे. या दोन फटी हाच शब्दातला सर्वांत स्वच्छ, सर्वांत भौमितिक पांढरा आकार आहे. त्यांचे माप ठरवावे आणि बाकीचा सगळा शब्द त्या मापावर बेतावा. १६ हे माप घेतले तर ‘न’च्या आडव्या दांडीच्या वर निदान १६ मोकळे हवेत, वेलांटीच्या कमानीखाली, शिरोरेषेच्या वर, १६ चा अर्धचंद्र हवा, आणि ‘क’च्या वाटीतले भोक १६ चे हवे. या शेवटच्या अटीने खरी परीक्षा होते. वाटीची रेषा दंडाइतकी २४ ची ठेवली आणि वाटीला बाहेरून ५६ व्यास दिला तर आत ८ उरतात. तेव्हा वाटीची रेषा २० पर्यंत बारीक करावी लागते आणि डोळा ती २४ चीच मानतो, कारण वळणारी रेषा जिथे दंडाला भिडते तिथे काळे साठते. शुद्ध कंपासने काढलेली वाटी मोजमापाला बरोबर आणि डोळ्याला चूक असते. गोल आकार सपाट पायाच्या रेषेपेक्षा किंचित खाली उतरला नाही तर तो लहान दिसतो, हेही जगभरच्या अक्षरकारांना माहीत आहे. भौमितिक अक्षर म्हणजे भूमितीचे अक्षर नव्हे, भौमितिक भासणारे अक्षर.

‘न’च्या गाठीत भोक ठेवायचे नाही, या जाडीत ते टिकणार नाही. तिथे भरीव गोल किंवा चौकोन ठेवून पांढरे गाठीच्या खाली सरकवावे, म्हणजे ‘न’चा खालचा कोपरा मोकळा होतो. ‘श’ मात्र वाद घालतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण ठरवले. बाजारातले, फुकट मिळणारे कितीतरी फाँट आधी हिंदीच्या प्रमाणावर आखलेले असतात. त्यांत मराठी रूप लपलेले असते, पण भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. त्यामुळे नाशिकच्या नावातल्या सर्वांत वळणदार अक्षराला नाशिकमध्येच हिंदी वळण मिळालेले दिसते. हा अस्मितेचा मुद्दा मी करत नाही, जागेचा करतो. देठाने शिरोरेषेला धरलेला ‘श’ आपल्या डाव्या बाजूचे पांढरे वेगळ्या तऱ्हेने कापतो आणि वेलांटीच्या दंडाजवळची फट त्याने ठरते. कोणता ‘श’ वापरायचा हे आधी ठरले नाही तर बाकीची मोजमापे वाया जातात. शेवटचा ‘क’ दोन्ही बाजूंना पसरतो: डावीकडे बंद वाटी, उजवीकडे खाली उघडा आकडा. या उघड्या आकड्याने शब्द संपतो. ब्राह्मीतल्या त्या बेरजेच्या चिन्हाची उभी रेघ इथे दंड झाली आहे आणि आडवी रेघ दोन्ही टोकांनी वळली आहे. ज्याला शब्दचिन्हात नाशिकचा इतिहास हवा आहे त्याच्यासाठी तो इथे आयताच आहे, बाहेरून काही चिकटवायला नको.

कारण चिकटवण्याचा मोह जबर असतो. ग्राहक म्हणतो, पांढऱ्या जागेत काहीतरी ‘लपवा’. नाशिक म्हटले की द्राक्षांचा घड, गोदेची लाट, मंदिराचे शिखर, अलीकडे वाइनचा पेला. फेडेक्सच्या बाणाने दिलेला हा चुकीचा धडा आहे. तो बाण दिसला नाही तरी ती अक्षरे उत्तम आहेत. लाखो लोकांना तो वर्षानुवर्षे दिसत नाही आणि कंपनीचे काही अडत नाही. आपल्याकडे शेखर कामत यांनी १९७१ साली स्टेट बँकेसाठी केलेले चिन्ह घ्या. निळे वर्तुळ, मध्यभागी छोटे पांढरे वर्तुळ आणि तिथून खाली निघालेली पांढरी फट. कोणी त्यात कुलपाचे भोक पाहतो, कोणी आणखी काही. चिन्हाचा जोर त्या अर्थांत नसून काळ्या वस्तुमानात एवढे थोडे पांढरे अचूक जागी ठेवण्यात आहे. लपवलेले चित्र हा फार तर वरचा लाभ. अक्षराच्या पोकळीत द्राक्ष बसवायचे म्हणून ‘क’ची वाटी अंडाकृती केली की शब्द गेला आणि द्राक्षही गेले.

अक्षरकारांकडून येणारा आक्षेप याहून गंभीर आहे. देवनागरी ही बोरूची लिपी. तिरपा छाटलेला बोरू कागदावर फिरताना जाड-बारीक रेषांची जी लय देतो, ती रोमन टाकाच्या उलट दिशेची आहे आणि तीच या लिपीचा प्राण आहे. एकाच जाडीची भौमितिक रेषा म्हणजे हा प्राण काढून घेणे. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराचे काम किंवा कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नामाक्षरे पाहिली की या म्हणण्यात किती तथ्य आहे ते कळते. पैठणीच्या दुकानाला, नाटकाला, लग्नपत्रिकेला भौमितिक ठोकळा लादण्याची गरज नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु बोरूची लय काळ्यातच असते असे समजणे अपुरे आहे. तिरप्या छाटामुळे ‘त’च्या किंवा ‘ग’च्या आतली पोकळीही तिरपी, पानासारखी होते, आणि डोळा तो कल पांढऱ्यात वाचतो. काळी रेषा एका जाडीची ठेवूनही पोकळीला तो कल देता येतो: वाटीचे भोक बाहेरच्या वर्तुळाच्या केंद्रावर न ठेवता किंचित सरकवले की पुरते. म्हणजे बोरूची आठवण पांढऱ्यात ठेवून बाहेरची भूमिती शाबूत राहते. शेडगे यांची नामाक्षरे एका कॉलमच्या काळ्यापांढऱ्या जाहिरातीत, शाई पसरणाऱ्या कागदावर वाचली जात. तिथे टिकायचे तर कोऱ्या जागेचा हिशेब चोख ठेवण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

लिपी गुंतागुंतीची आहे, जोडाक्षरे शेकड्यांनी आहेत, भूमितीत ती बसणार कशी, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. त्याला गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मराठी-हिंदी टंकांनीच उत्तर दिले आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हा टंक देवनागरी आणि रोमन दोन्हींसाठी वर्तुळावर बेतलेला आहे. त्याची देवनागरी निनाद काळे यांची. दुसऱ्या टोकाला ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. देवनागरीतला बहुधा सर्वांत गुबगुबीत टंक. त्यात अक्षरे एवढी फुगलेली आहेत की पोकळ्यांच्या नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा उरतात, आणि आपण वाचतो त्या रेघाच. काळे जवळजवळ पार्श्वभूमी झाले आहे. ठळकपणाची ही कमाल मर्यादा आहे आणि तिथेही अक्षर वाचता येते, कारण पांढरे कमी असले तरी ते आखलेले आहे, उरलेले नाही. शिवाय शब्दचिन्ह करणाऱ्याला शेकडो जोडाक्षरांशी देणेघेणे नसते. त्याच्यापुढे चार-पाच अक्षरे असतात आणि त्यांतल्या प्रत्येक फटीचा निकाल त्याला स्वतंत्रपणे लावता येतो.

भारतातले सर्वांत जास्त छापले जाणारे भौमितिक देवनागरी अक्षर नाशिकरोडला छापले जाते, ही गोष्ट शहराच्या लक्षात क्वचितच येते. ब्रिटिशांनी नाशिकरोडला काढलेल्या सिक्युरिटी प्रेसमधून १९२६ पासून टपाल तिकिटे आणि १९२८ पासून नोटा निघू लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडहून येत. आज करन्सी नोट प्रेसमधल्या नोटांवर जे रुपयाचे चिन्ह आहे ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातले डी. उदयकुमार यांचे, १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ते स्वीकारले. ते देवनागरी ‘र’ आहे आणि रोमन आर-सुद्धा, फक्त त्या आर-चा उभा दंड काढून टाकला आहे. नसलेला दंड डोळा स्वतः भरतो. वर दोन समांतर आडव्या रेषा. वरची शिरोरेषा, खालची अक्षराच्या अंगातली, आणि दोन्हींच्या मध्ये एक पांढरी पट्टी. ती पट्टी बुजवली तर चिन्ह जाड शिरोरेषेचा एक ओबडधोबड ‘र’ होते, रुपया राहत नाही. छपराखालचे पांढरे कसे राबवावे याचा याहून सरळ नमुना नाही, आणि त्यासाठी शिरोरेषा काढावी लागली नाही, उलट दुप्पट करावी लागली. त्याच नोटेवर आणखी एक कसब आहे. मूल्याचा आकडा अर्धा पुढच्या बाजूला आणि अर्धा मागच्या बाजूला छापलेला असतो; नोट उजेडासमोर धरली की एका बाजूच्या रिकाम्या जागांत दुसऱ्या बाजूचे तुकडे बरोबर बसतात आणि आकडा पूर्ण होतो. नकली नोट बनवणाऱ्याला काळे छापता येते. दोन्ही बाजूंची पांढरी जागा एका रेषेत आणणे त्याला जड जाते.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदाराला किंवा पंचवटीतल्या दुकानदाराला अक्षरकाराकडून पाच अक्षरे नव्याने आखून घेणे परवडेल का? सगळ्यांना नाही. पण आउटलाइन चढवण्याऐवजी ज्याचे ठळक वजन आधीच आखलेले आहे असा टंक निवडायला काही जास्त लागत नाही. असे मराठी टंक आज मोफत मिळतात. अक्षर कापायला देण्यापूर्वी नाव अंगठ्याएवढे लहान छापून हात लांब करून पाहायला तर काहीच लागत नाही. कोणते भोक आधी बुजते ते लगेच दिसते, आणि तेवढे एकच रुंदावले तरी पाटी सुधारते. रात्री उजळणाऱ्या पाटीसाठी उलटा हिशेब: काळोखात पेटलेले अक्षर असते त्याहून जाड भासते, तेव्हा ते दिवसाच्या पाटीपेक्षा बारीक आणि फटी अधिक मोकळ्या ठेवाव्या लागतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाघाटापासून त्र्यंबकेश्वरपर्यंत दिशादर्शक फलक, तंबूंच्या कमानी, पार्किंगच्या पाट्या लागतील, आणि त्या वाचणारे बहुतेक लोक चालत्या गर्दीत, मान वर करून, दोन-तीन सेकंदांत वाचणारे असतील. फलकांच्या निविदेत अक्षराची उंची, रंग आणि पत्र्याची जाडी लिहिलेली असते. त्याखाली आणखी एक ओळ लिहिता येईल: दोन दंडांमधली फट दंडाच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाहून कमी नसावी, आणि ‘भ’, ‘ध’ यांच्या शिरोरेषेतला खंड त्या फटीइतका तरी असावा.